सहा माणसं, 13 लाख आणि कुंभार्ली घाट: गाडी नक्की कुठली घ्यायची?

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असा, की धायरीला राहता, घरात तुम्ही दोघं, 9 वर्षांचा मुलगा, 4 वर्षांची मुलगी आणि आईबाबा, आईचे गुडघे दुखतात, गाव गुहागरजवळ, तिकडे वर्षातून चार-पाच वेळा सगळे मिळून जाता, हिंजवडीचं ऑफिस आठवड्यातून 3 दिवस, बजेट ऑन रोड 13 लाख. आणि डोक्यात एकाच वेळी मारुतीची अर्टिगा सीएनजी, रेनॉची ट्रायबर, कियाची कॅरेन्स, जुनी इनोव्हा क्रिस्टा आणि "नेक्सॉन घेतो, गावाला भाड्याची गाडी करतो" असा सगळा गोंधळ.

मी गॅरेजवाला माणूस. शोरूममधून हार घालून निघालेली गाडी माझ्याकडे येत नाही, तीच गाडी तीन-चार वर्षांनी काय होऊन येते ते मला दिसतं. शिवाय लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी माझ्याकडे तपासायला आणतात. त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूने झुकलेलं असणार, ते धरून चाला.

पहिलं सांगतो. तुम्ही लिहिलेल्या पाचही गाड्यांत काही ना काही कमी पडणार आहे, ते तुम्हालाही कळलंय म्हणून तर विचारताय. मग प्रश्न हा राहतो की जे कमी पडणार ते कोणाच्या अंगावर पडणार. घरोघरी मी बघतो, गाडी निवडतो चालवणारा, आणि त्याच्या निवडीचा त्रास काढतात मागे बसणारे. मायलेज ह्याने बघितलं, डिकी गेली, म्हणून बॅगा बायकोच्या पायाशी. उंच एसयूव्ही ह्याला आवडली, आईला चढता येत नाही. 7 सीटर घेतली, तिसऱ्या रांगेत कधी स्वतः बसून बघितलंच नाही. म्हणून माझी पहिली अट, शोरूममध्ये गेल्यावर गाडी बायकोला चालवायला द्या आणि तुम्ही तिसऱ्या रांगेत बसा, पाच मिनिटं नाही, निदान अर्धा तास. गुडघे छातीला लागतायत का, मांडी सीटला टेकते का हवेत राहते, डोक्याच्या मागे डिकीची काच किती जवळ आहे, एसीचा वारा येतो का नुसता आवाज येतो. सेल्समन म्हणेल सर तुम्ही पुढे बसा ना. नाही बसायचं.

आता तुमच्या घराचा बसायचा नकाशा काढू, कारण 7 सीटर म्हणजे सात जागा हे कागदावर. पुढे चालवणारा आणि शेजारी आई, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला पुढची डावी सीट सगळ्यात सोयीची, ती मागे सरकते, पाय लांब करता येतात. मधल्या रांगेत बाबा आणि मुलगी. तिसऱ्या रांगेत मुलगा आणि तुमच्या दोघांपैकी जो चालवत नसेल तो.

मुलगी 4 वर्षांची, म्हणजे चाइल्ड सीट लागणार. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर 1000 रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, 50 च्या स्पीडला धडक बसली तर 15 किलोचं पोर मांडीवरून साधारण 300 किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं, कुठल्याच आईचे हात ते धरू शकत नाहीत. तर ही सीट मधल्या रांगेत आयसोफिक्सला, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या सीटमधल्या हुकांना, लावली की ती बाजू झाली बंद, कारण त्या बाजूची सीट पुढे ढकलून मागे जाता येत नाही. कॅरेन्सला मधली सीट बटण दाबून पुढे लोळते ती डावीकडची. अर्टिगातही मागे जायचं ते लोक डावीकडूनच जातात, कारण फुटपाथ तिकडे. म्हणजे चाइल्ड सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे लावायची. मग मुलीला बसवताना, पट्टे लावताना, तुम्ही रस्त्याच्या बाजूला उभे, मागून रिक्षा जातायत. यातून सुटका नाही, कुठलीही 7 सीटर घ्या. फक्त सोसायटीत पार्किंगमध्येच तिला बसवून घ्यायची सवय लावा आणि रस्त्यात उतरवायची वेळ आली तर गाडी आत कुठेतरी घ्या. चाइल्ड सीट आधी विकत घ्या आणि टेस्ट ड्राइव्हला बरोबर न्या. लावून बघा, बाबांना शेजारी बसवा, मग तुम्ही मागे जाऊन दाखवा. अर्ध्या गाड्या इथेच गळतात.

आईच्या गुडघ्याचं. घरातला टेप घेऊन जा, खरंच सांगतोय, जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत उंची मोजा. माझा अनुभव असा की सीट साधारण कंबरेच्या थोडी खाली असेल तर माणूस नुसता टेकतो आणि पाय आत घेतो, ना वाकावं लागतं ना चढावं. सेडान खाली पडते, स्कॉर्पिओसारखी गाडी वर पडते. त्यात साडी. नऊवारीवाली आजी फुटरेस्टवर पाय टाकून टुणकन चढेल, गोल साडीत तेवढी टांग पडत नाही. अर्टिगा आणि कॅरेन्स दोन्ही या बाबतीत मधल्या, बऱ्या आहेत. दाराच्या वर धरायला हँडल आहे का तेही बघा, पुढच्या डाव्या बाजूला, आणि आईला स्वतः तीनदा चढ-उतर करू द्या. पहिल्यांदा सगळ्याच आया "बरं आहे" म्हणतात.

आता सामान. अर्टिगाची डिकी तिन्ही रांगा उभ्या असताना 209 लिटर, कॅरेन्सची 216, ट्रायबरची 84. 209 म्हणजे दोन केबिन बॅगा उभ्या, वर एखादी पिशवी, संपलं. 84 म्हणजे मुलांची दप्तरं. ट्रायबरची मागची सीट काढून ठेवता येते, मग 625 लिटर होतात, पण तुमची माणसं सहा आहेत, एक सीट तरी लागणारच. आणि सीएनजी घेतली की सिलेंडर तिसऱ्या रांगेच्या मागे, म्हणजे जी काय डिकी होती तीही गेली.

सीएनजीवर थोडं सविस्तर लिहितो कारण तुमचा कल तिकडे दिसतोय आणि हिशोब तुम्ही शेजाऱ्याच्या आकड्यावर केलाय. शेजारी रोज 60-70 किलोमीटर फिरवत असेल, त्याचं बरोबर आहे. तुमचं ऑफिस 3 दिवस, जाऊन येऊन 50 धरले तर महिन्याला साडेसहाशे. पुण्यात पेट्रोल 104 च्या घरात आणि सीएनजी नव्वदीच्या घरात धरू. अर्टिगा पेट्रोल सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये 13 देईल, म्हणजे 50 लिटर, 5200 रुपये. सीएनजी किलोला 20 धरा, साडेबत्तीस किलो, 3000 च्या आसपास. वाचले महिन्याला 2200. सीएनजी मॉडेलला वर 90 हजारांच्या पुढे मोजावे लागतात. महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी आहे, त्याने थोडा हातभार लागतो, तरी वरचे पैसे फिटायला तीन-साडेतीन वर्षं. रोज ऑफिस असतं तर दोन वर्षांत फिटले असते आणि मी तुम्हाला वेगळं सांगितलं असतं.

आणि पैशाच्या हिशोबात न येणाऱ्या गोष्टी. पंपावरची लाइन. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, पहाटे साडेचारला निघालात, पोरगी झोपलीय, आईला गुडघ्यामुळे उतरायला पाच मिनिटं लागतात, तरी सगळे बाहेर. कोकणात उतरलं की पंप विरळ, मग पेट्रोलवरच चालवता, म्हणजे ज्या प्रवासासाठी 7 सीटर घेतली त्याच प्रवासात सीएनजीचा फायदा नाही आणि डिकी मात्र नाही. दर 3 वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. हे सगळं एकट्याने फिरवणाऱ्याला चालतं. चारजणांच्या घराला पण चालतं, तिसरी रांग पाडायची आणि सामान तिथे टाकायचं. सहाजणांना नाही.

घाटाचं गणित लोक उलटं करतात. पुण्याहून खंबाटकी, उंब्रज, पाटण, कोयनानगर करून तुम्ही कुंभार्ली उतरता. जाताना उतार आहे, तेव्हा कुठलीही गाडी भारी वाटते. चढ लागतो येताना, पोफळीपासून वर, आणि येताना गाडीत काय काय असतं ते मी सांगायला नको. नारळ, तांदळाचं पोतं, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, वर काकूने दिलेला फणस. चार मोठी माणसं 260 किलो, दोन मुलं 45, बॅगा 50, गावचा माल 60, सव्वाचारशे किलोच्या आसपास झाले. अर्टिगाचं स्वतःचं वजन साडेअकराशे ते बाराशे. म्हणजे गाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं वजन वर टाकून, एसी लावून, पुढे उसाची नाहीतर कोळशाची ट्रक दहाच्या स्पीडने चाललेली, आणि तुम्ही हाफ क्लचवर. गाडीला खरी मेहनत इथे पडते.

घाटात पॉवरच्या जाहिराती कामाला येत नाहीत, कमी आरपीएमला टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, किती ते बघायचं. ट्रायबर 1 लिटर, 96 न्यूटन मीटर. अर्टिगा पेट्रोल 137 च्या जवळ, तीच सीएनजीवर साधारण 121. कॅरेन्सचं साधं 1.5 पेट्रोल 144. ट्रायबर वाईट गाडी नाही, उलट 4 मीटरच्या आत एवढी जागा काढणं सोपं काम नाही, शहरात आणि सपाटीला पैसा वसूल. पण सहाजण भरून कुंभार्ली चढायला पहिला गिअर, एसी बंद, आणि क्लच जळल्याचा वास. अशा वापराच्या गाड्या माझ्याकडे क्लच प्लेटसाठी वेळेच्या फार आधी येतात, त्यात चालवण्याची सवय किती आणि गाडी किती हे वेगळं करता येत नाही म्हणा, पण येतात.

स्वस्त ती आहेच. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, 4 मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 18 टक्क्यांत आली, त्याच्या वरच्या सगळ्या 40 मध्ये. ट्रायबर आधी 28 अधिक 1 टक्का सेसमध्ये होती, तिला 11 टक्क्यांचा फायदा. अर्टिगा-कॅरेन्सचे 45 चे 40 झाले, फक्त 5 चा. त्यामुळे दोन्हीतलं अंतर वाढलं आणि तुम्हाला ट्रायबर आता जास्त मोहात पाडतेय, समजू शकतो.

नेक्सॉन आणि भाड्याची गाडी, हा पर्याय मला मनापासून आवडतो, फक्त तुमच्यासाठी नाही. वर्षातून एकदा-दोनदा जाणाऱ्याला मी हेच सांगतो, वर्षाचे 360 दिवस चौघांची गाडी वापरायची आणि चार दिवसांसाठी सातजणांची कशाला पोसायची. तुम्ही चार-पाच वेळा जाता. इनोव्हा ड्रायव्हरसकट किलोमीटरला वीसएक रुपये, दिवसाला निदान 300 किलोमीटर धरतात, 3 दिवसांचे 900, म्हणजे 18 हजार, वर ड्रायव्हर भत्ता आणि टोल. पाच वेळा गेलात की वर्षाला 90 हजार ते लाख. आणि गणपतीत गाडी मिळत नाही, मिळाली तर भाव तो म्हणेल तो. शिवाय पुण्यातल्या पुण्यात लग्न, बारसं, आईची डॉक्टरची अपॉइंटमेंट, तिथे सहाजण निघाले की मुलगी परत कोणाच्या तरी मांडीवर. पाच सीटच्या गाडीत सहावं माणूस बसवायचं नसतं, एवढं तरी आपण पाळू.

जुनी क्रिस्टा. ह्याच्यावर सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं कारण हा खरा मोह आहे. गाडी 2016 ला आली, 2.4 डिझेल, मॅन्युअलला 343 न्यूटन मीटर, रिअर व्हील ड्राइव्ह, घाटात सहाजण आणि फणस घेऊन तिसऱ्या गिअरवर गाते. तिसरी रांग खऱ्या माणसांची. आईबाबा मागे झोपून जातील. पण 13 लाखांत मिळणार ती सात-आठ वर्षांची, लाखाच्या पुढे चाललेली, आणि तिच्यासाठी लाख-दीड लाख बाजूला ठेवावेच लागतात, क्लच-फ्लायव्हील, इंजेक्टर, सस्पेन्शनचे बुश, चार टायर, यातलं काहीतरी पहिल्या वर्षात निघतंच. म्हणजे गाडी साडेअकराची शोधायची. हिंजवडीला ती 10-11 देणार आणि पावणेपाच मीटर लांबी तुमच्या सोसायटीच्या पिलरमध्ये बसते का ते तुम्हीच मोजा.

तरी घ्यायचीच असेल तर दोन गोष्टींवर डोळा ठेवा, टॅक्सीला फिरलेली आणि पाण्यात बसलेली. पिवळ्या प्लेटची पांढरी केलेल्या क्रिस्टा बाजारात भरपूर आहेत, आरसी आणि वाहन पोर्टलवर गाडी आधी कुठल्या प्रकारात नोंदलेली होती ते बघा. मीटर 70 हजार दाखवतोय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची उजवी कड बसलेली, स्टीअरिंग चकचकीत, मग मीटरला विचारायची गरज नाही. आणि पाण्याचं, तुम्ही चिपळूणच्या बाजूचे आहात, 22 जुलै 2021 च्या पुरात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, सांगली-कोल्हापूरला 2019 आणि 2021 दोन्ही वर्षी. त्या गाड्या धुऊन, पॉलिश करून लांबच्या शहरात विकल्या जातात. तपासायला मी काय करतो सांगतो. मागच्या सीटचा बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढतो आणि रीलमधली शेवटची वीतभर पट्टी बघतो. वरचा बेल्ट नवा असतो, धुतलेला असतो, पण ती शेवटची वीत कोणी धूत नाही. तिथे गाळाची बारीक पिवळट रेघ असते, पाणी कुठपर्यंत होतं त्याची. नखाने खरवडली की माती निघते. मग सीटच्या रेलखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, कार्पेटच्या खालचा फोम दाबून वास. हे तुम्ही स्वतःही करू शकता, त्याला गॅरेजवाला लागत नाही. समोरच्या फेंडरच्या बोल्टचा रंग उडालेला असेल तर पान्हा लागलाय, म्हणजे अपघात झालाय का ते विचारायचं.

नवीन असो की जुनी, डिझेल असेल तर बीएस 6 गाड्यांना, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या, एप्रिल 2020 नंतरच्या, डीपीएफ असतो, धुराची काजळी पकडणारा फिल्टर. ती काजळी जाळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्ये ती पळत नाही. दिवा लागतो, लोक दुर्लक्ष करतात, मग खर्च. महिन्यातून एकदा मोकळ्या हायवेला जाणाऱ्याला त्रास होत नाही, पण साडेसहाशे किलोमीटरसाठी मी कोणालाच डिझेल सांगत नाही. आणि ते "डिझेल 10 वर्षांत भंगारात" हे दिल्ली-एनसीआरचं, आपल्याकडे 15 वर्षांनी री-रजिस्ट्रेशन आहे, त्या भीतीने निर्णय नका घेऊ. जुनी पेट्रोल बघणार असाल तर एप्रिल 2023 नंतर बनलेली बघा, पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, त्या गाड्यांचे पाइप-सील त्या हिशोबाने आहेत.

सेफ्टीचं तुम्ही विचारलं नाही, लोक नेक्सॉनच्या 5 स्टारवर बोलतात आणि 7 सीटर घेताना तो विषयच काढत नाहीत. अर्टिगाला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळून सेफ्टीचे स्टार देणाऱ्या संस्थेने, 2019 मध्ये 3 स्टार दिले होते, 2024 मध्ये नव्या कडक पद्धतीने, आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या दोन एअरबॅगच्या भारतीय बनावटीच्या गाडीला, मोठ्यांसाठी 1 स्टार. आता आपल्याकडे तिला 6 एअरबॅग येतात, पण एअरबॅग वाढल्या म्हणजे बॉडी शेल, म्हणजे गाडीचा सांगाडा, मजबूत झाली असं नाही. कॅरेन्सला 2022 मध्ये जुन्या पद्धतीने 3. ट्रायबरला 2021 मध्ये जुन्या पद्धतीने 4. म्हणजे या तिन्हीत छाती फुगवण्यासारखं काही नाही. आणि एक कोणी सांगत नाही, भारत एनकॅप घ्या की ग्लोबल, समोरची धडक 64 च्या वेगाने करतात, त्यात डमी पुढे दोन आणि मधल्या रांगेत मुलांचे दोन. तिसऱ्या रांगेत कोणी बसवत नाहीत. मागून ट्रकने ठोकलं तर काय, ह्याचं उत्तर त्या स्टारमध्ये नाही. म्हणून विचारायचे प्रश्न हे, पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत जातात का, मागच्या हेडरेस्ट वर ओढता येतात का, सगळ्या सीटना तीन पॉइंटचे बेल्ट आहेत का, ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, आहे का. आणि मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावायचा, 2022 मध्ये पालघरला सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली तेव्हा ते मागे होते, बेल्ट नव्हता. मर्सिडीज वापरणाऱ्याला जे लागू तेच आपल्याला.

तर माझं मत. सहाजणांसाठी पेट्रोल 7 सीटर, मॅन्युअल, सीएनजी नाही. अर्टिगा आणि कॅरेन्समध्ये मी कॅरेन्सची खालची व्हेरियंट घेईन, साधं 1.5 पेट्रोल. 6 एअरबॅग, ईएससी, चारही चाकांना डिस्क ब्रेक हे खालच्यातही पहिल्यापासून आहेत, आणि मागे जायला ती लोळणारी सीट, मागच्या रांगेत वेगळा एसी. 11 लाखांच्या आसपासची एक्स-शोरूम किंमत धरली तर रोड टॅक्स 12 टक्के, इन्शुरन्स, असं करून तेराच्या आत बसवता येते, शोरूमवाल्याने कोटिंग, अंडरबॉडी, अ‍ॅक्सेसरी पॅक हे कोटेशनमध्ये घुसवलेलं काढायला लावलं तर. ह्यात तुमचं काय जाणार तेही सांगतो. सनरूफ नाही, अलॉय नाही, स्क्रीन छोटी, शेजारच्या गाडीपुढे गरीब दिसणार. शहरात 11 चं मायलेज, म्हणजे सीएनजी अर्टिगापेक्षा महिन्याला तीनएक हजार जास्त. ही तडजोड चालवणाऱ्याच्या खिशावर आणि मिरवण्यावर पडते, आईच्या गुडघ्यावर नाही, म्हणून मला ती चालते.

अर्टिगा पेट्रोल मी कधी सांगेन? बाबा गावाला सहा-सहा महिने राहणार असतील आणि गाडी तिकडेच राहणार असेल तर. मारुतीचं काम चिपळूणला होतं, सर्व्हिस सेंटर बंद असलं तरी गुहागरजवळच्या शृंगारतळीचा मेकॅनिक उघडून बसवून देतो, पार्ट एसटीने दुसऱ्या दिवशी येतो. त्याची किंमत कोकणात राहणाऱ्याला कळते. रीसेलही चांगली. मागे बसायला कॅरेन्सपेक्षा थोडी कमी, पण वाईट नाही.

दोन्ही मनात बसल्या तर शोरूमच्या चार किलोमीटरच्या राउंडवर ठरवू नका. सेल्फ ड्राइव्हवाल्यांकडून तेच मॉडेल शनिवार-रविवार भाड्याने घ्या, चार-पाच हजार जातील, सहाजण बसा, चाइल्ड सीट लावा, बॅगा भरा, आणि बोपदेव घाट चढून सासवडला जेवून या. जाताना गाडी अर्ध्या चढावर थांबवून परत उचला. जे पाच हजार वाचवायला जाल ते नंतर पाच वर्षं रोज दिसतात.

इन्शुरन्समध्ये झीरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टची घसारा कपात न करणारं कव्हर, घ्याच, आणि तुम्ही पावसात कोकणात जाणार म्हणून इंजिन प्रोटेक्ट पण. पाण्यात गाडी बंद पडली आणि परत सेल्फ मारला की इंजिनात पाणी जाऊन रॉड वाकतो, साध्या पॉलिसीत ते येत नाही. पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायचीच नाही, ढकलून बाहेर.

वरचा कॅरिअर लावू नका, म्हणजे लावायचाच तर त्यावर हलकं काय ते, गाद्या-चादरी, नारळाची पोती नाही, वळणावर गाडी बाहेर ओढली जाते. जड सामान मधल्या रांगेच्या पायाशी, खाली. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायर प्रेशरचा स्टिकर असतो, त्यात फुल लोडचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, मागच्या टायरचा जास्त. निघायच्या आदल्या दिवशी थंड टायरमध्ये तेवढी हवा भरा, गावाहून परत आलात की कमी करा. डिलिव्हरी घेताना टायरवरचा चार आकडी कोड पण बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, गाडी यार्डात किती महिने उभी होती ते तिथे कळतं. तीन-चार महिने चालतात, वर्ष झालं असेल तर दुसरी गाडी मागा, देतात.